जीवाश्म इंधन म्हणजे काय? वर्धा खोऱ्याचा कोळसा, आपली वीज आणि आपला उन्हाळा

"जीवाश्म म्हणजे काय?" असं वर्गात विचारलं की वर्धा जिल्ह्यातल्या मुलांकडून एक उत्तर हमखास येतं: "गिरडचे दगड!" समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. सगळ्या धर्मांचे लोक तिथे जातात आणि परत येताना मुलांच्या खिशात एखाद-दुसरा गोल दगड असतोच. नारळासारखे, सुपारीसारखे दिसणारे हे दगड. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी सुकलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला, अशी आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी राहू द्या. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात या दगडांची ओळख वेगळी आहे. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या राहतात. पुढे पाण्यासोबत विरघळून आलेली खनिजं त्या पोकळ्यांत साचतात आणि गोटे तयार होतात. त्यात कधी जीव नव्हता, म्हणून ते जीवाश्म नव्हेत. जीवाश्म हा शब्दच जीव आणि अश्म, म्हणजे दगड, या दोन शब्दांचा मिळून झाला आहे. एके काळी जिवंत असलेल्या झाडाचा किंवा प्राण्याचा जमिनीत टिकून राहिलेला अवशेष, तो जीवाश्म. अशा अवशेषांपासून कोट्यवधी वर्षांत तयार झालेला कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू म्हणजे जीवाश्म इंधन.

उर्दूत याला 'रकाज़ी ईंधन' म्हणतात. उर्दू माध्यमातली मुलं हा शब्द पाठ करतात, पण त्याच्या मुळाकडे फारसं कोणी बघत नाही. शरीयतमध्ये 'रिकाज़' म्हणजे जमिनीत पुरलेला, कुणाला तरी अचानक सापडलेला खजिना. तो सापडला तर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. आम्हाला हा शब्द मराठी शब्दापेक्षा जास्त बोलका वाटतो. मराठी शब्द हे इंधन कशापासून बनलं ते सांगतो. उर्दू शब्द सांगतो की हा पुरलेला ठेवा आहे, रोजची कमाई नाही. पुढचं सगळं समजायला हा फरक लक्षात ठेवावा.

वर्ध्याचा कोळसा वर्ध्यात नाही

पुस्तकात 'वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्र' असं वाचलं की बोरगाव मेघेच्या मुलांना वाटतं, आपल्या पायाखालीच कोळसा असणार. पण इथे विहीर खोदली, बोअर मारला तर काळी माती, मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. तो पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कोळसा क्षेत्राला नाव मिळालं ते वर्धा नदीवरून. नदी आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडून खाली यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या मधून जाते. तिथे वणी, वरोरा, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाचे थर आहेत.

हे थर आपल्या काळ्या पाषाणापेक्षा चौपट जुने आहेत, साधारण पंचवीस ते तीस कोटी वर्षांचे. तेव्हा आजचा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका हे सगळे एकत्र जोडलेले होते. त्या महाखंडाला जगभरातले शास्त्रज्ञ 'गोंडवाना' म्हणतात. हे नाव आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून घेतलेलं आहे. विदर्भातल्या मुलांना हे सांगितलं की ती ताठ बसतात!

त्या काळी इथे दलदल होती आणि दलदलीत दाट जंगल होतं. जिभेच्या आकाराची पानं असलेलं ग्लॉसोप्टेरिस नावाचं झाड तिथे भरपूर होतं. आता ते पृथ्वीवर कुठेच नाही, कोळशाच्या थरांतल्या दगडांवर त्याच्या पानांचे ठसे तेवढे सापडतात. एरवी झाड मेलं की कुजतं, आणि त्यातला कार्बन वायूरूपाने हवेत परत जातो. दलदलीत झाड पडलं की ते चिखलपाण्यात बुडतं. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे ते पूर्ण कुजत नाही. त्यावर आणखी झाडं पडली, नद्यांनी वाळू आणि गाळ आणून वर टाकला. वरच्या वजनाने आणि खालच्या उष्णतेने पाणी आणि वायू निघून गेले, कार्बन मागे उरला. आधी पीट, मग लिग्नाइट, मग दगडी कोळसा, असा हा प्रवास आहे. सूर्याचं ऊन झाडाने पानात धरलं, जमिनीने ते पंचवीस कोटी वर्षं सांभाळलं, आणि आपण ते पेटवतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. कबाबच्या शेगडीत किंवा इस्त्रीत जो कोळसा घालतात तो लाकडी कोळसा, तो जीवाश्म इंधन नाही. ते लाकूड काही वर्षांपूर्वी झाड म्हणून उभं होतं. आपल्या घरात मोठी माणसं ज्याला 'पत्थर का कोयला' म्हणतात तो दगडी कोळसा, तो जीवाश्म इंधन.

इंग्रजांनी या पट्ट्यात १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू केली आणि कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. त्या रेल्वेचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' होतं. पुढे बल्लारपूरची खाण सुरू झाली. आज त्या दिशेकडून येणाऱ्या मालगाड्या आपण फाटकावर थांबून मोजतो. साधारण अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, एकेका वाघिणीत साठ टनांच्या वर माल, म्हणजे एका गाडीत साडेतीन-चार हजार टन कोळसा. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालवायचा तर अशा दोन गाड्या एका दिवसात लागतात.

तेल आणि गॅस

खनिज तेलाबद्दल मुलांना वाटतं की ते डायनासोरपासून बनलं. तसं नाही. समुद्रात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव मरून तळाशी साचले, गाळाखाली गाडले गेले, दाब आणि उष्णतेने त्यांचं तेल आणि वायू झाला. त्यांच्यासमोर डायनासोर फार मोठा आणि फार थोडा. महाराष्ट्राचा मोठा साठा मुंबईजवळच्या समुद्रात आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, तेच आपलं मुंबई हाय. पण देशाची गरज त्याने भागत नाही. भारत वापरतो त्या कच्च्या तेलातलं पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं, आणि स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून अधिक भाग आयात होतो.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, डांबर, प्लास्टिक हे सगळं या तेलाचं कुटुंब. आपल्या शेतकऱ्यांना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कपाशीला टाकतो तो युरियासुद्धा नैसर्गिक वायूपासून बनतो. बंडी बैलांची असली तरी पोत्यातलं खत जीवाश्म इंधनाचं असतं. आणि आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या भावा-भाच्यांनी जी घरं बांधली, बहिणींची लग्नं लावून दिली, त्या पैशातही या तेलाचा वाटा आहे. तेव्हा या इंधनाला नुसत्या शिव्या घालून विषय संपत नाही. गेल्या दीडशे वर्षांत रेल्वे, दवाखान्यातली वीज, रात्रीचा अभ्यासाचा दिवा, हे बहुतांशी याच इंधनाने दिलं.

एक लिटर पेट्रोल, सव्वादोन किलो वायू

वर्गात मुलं ज्या गणितावर हटकून भांडतात ते हे. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं निघालं?

उत्तर हवेत आहे. जळणं म्हणजे इंधनातल्या कार्बनने हवेतला ऑक्सिजन पकडणं. कार्बनच्या एका अणूचं वजन १२ धरलं तर ऑक्सिजनच्या दोन अणूंचं ३२ होतं, मिळून ४४. म्हणजे १२ किलो शुद्ध कार्बन जाळला तर ४४ किलो वायू. इंधनाचं वजन टाकीतून येतं, बाकीचं हवेतून. धूर दिसला नाही म्हणजे काही निघालंच नाही, हा समज चुकीचा आहे, कारण कार्बन डायऑक्साइडला रंग नाही आणि वास नाही. निळ्या ज्योतीवर स्वच्छ जळणारा घरातला १४.२ किलोचा सिलेंडर संपेपर्यंत चाळीस किलोंच्या वर हा वायू देऊन जातो.

आता विजेचं बघू. आपल्याकडच्या कोळशाची एक युनिट वीज बनवायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ज्या घराचं बिल महिन्याला १५० युनिटचं येतं, त्यांची सगळी वीज कोळशाची धरली तर महिन्याला एक क्विंटल कोळसा त्यांच्या नावाने जळला. सिमेंटच्या दोन गोण्या डोळ्यांसमोर आणा, तेवढा. मे महिन्यात कुलर आणि एसी चालू झाला की गोण्या वाढतात.

मग लाकूड जाळल्यावर हाच वायू निघत नाही का? निघतो. पण त्या झाडाने तो कार्बन दहा-वीस वर्षांपूर्वी याच हवेतून घेतलेला असतो, आणि त्याच्या जागी दुसरं झाड वाढलं तर ते परत घेईल. घेणं-देणं चालू राहतं. दगडी कोळशातला कार्बन मात्र पंचवीस कोटी वर्षं या व्यवहाराबाहेर होता. तो एकदम हवेत आणला की हिशेब बिघडतो. लाकडाच्या धुराने चुलीपुढच्या बाईचे डोळे आणि फुप्फुसं खराब होतात ते वेगळं, त्याची बाजू आम्ही घेत नाही.

चिमणीखाली कोण राहतं

आपण बटण दाबतो बोरगाव मेघेत. चिमणी असते दुसऱ्याच्या गावात. विदर्भातल्या विजेची ही सगळ्यात कमी बोलली जाणारी बाजू आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

चंद्रपूरजवळचं महानिर्मितीचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. पूर्ण क्षमतेने चाललं तर वरच्या हिशेबाने त्याला दिवसाला चाळीस हजार टनांच्या वर कोळसा लागेल. भारतातल्या कोळशात राख फार असते, साधारण तिसरा हिस्सा, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणजे तेरा-चौदा हजार टन राख, रोजची. तिची विटा आणि सिमेंट बनवायला विक्री होते, उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. उन्हाळ्यात तलावाचा काठ सुकला की वाऱ्याने ती राख उडते आणि घरात, भांड्यांत, कपाशीच्या बोंडांवर बसते. जुलै २०२२ च्या पावसात नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला. राखेचं पाणी नाल्यांतून नदीत गेलं, शेतांत पसरलं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते.

चिमणीतून राखेचे बारीक कण, गंधकाचा आणि नायट्रोजनचा वायू, थोडा पारा बाहेर पडतो. सगळ्यात वाईट ते बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोल उतरतात, तिथून रक्तात जातात. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा दाखवला आहे. गंधकाचा वायू चिमणीतच धुऊन काढणारं यंत्र असतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदत वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या यंत्रातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, यंत्र महाग आहे, वीज महागेल, अशी कारणं दिली जातात. कारणं अगदीच खोटी नाहीत. पण दहा वर्षं थांबवून मग सूट देणं, हे शिक्षकाच्या नजरेला गृहपाठ न करणाऱ्याला पास करण्यासारखं दिसतं.

खाणीचा त्रास आणखी वेगळा. खुल्या खाणीत कोळशावरची माती-दगड काढून बाजूला टाकतात, त्याचे टेकड्यांएवढे ढिगारे होतात. चंद्रपूर भागात उंच टेकडी दिसली तर ती निसर्गाची की वेस्टर्न कोलफील्ड्सची, हे आधी विचारावं लागतं. सुपीक काळी माती खाली आणि खडक वर, असं उलटं होतं. सुरुंगाने आसपासच्या घरांना तडे जातात, विहिरींचं पाणी खाली जातं. भूमिगत खाण बंद झाली तरी तिची पोकळी राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुन्या खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. ज्या खाणीचा कोळसा आपल्या आजोबांच्या काळात जळून गेला असेल, तिचा हिशेब नातवंडांच्या घरापर्यंत येतो.

धूर तिथे, उन्हाळा सगळीकडे

राख चिमणीपासून काही कोसांवर पडते. कार्बन डायऑक्साइड तसा पडत नाही. तो काही महिन्यांत जगभरच्या हवेत मिसळतो. म्हणून "चंद्रपूरच्या चिमण्यांमुळे वर्ध्यात गरम होतं" असं म्हणणं बरोबर नाही. विदर्भ समुद्रापासून लांब आहे, मे महिन्यात सूर्य इथे डोक्यावर असतो, जमीन कोरडी असते, वायव्येकडून गरम वारे येतात, त्यामुळे आपला उन्हाळा आधीपासूनच कडक. फरक पडला आहे तो त्या कडक उन्हाळ्यावर आणखी थोडं चढल्याने.

कारण असं. सूर्याचं ऊन जमीन तापवते, तापलेली जमीन उष्णता परत आकाशाकडे सोडते. कार्बन डायऑक्साइड त्यातली काही उष्णता अडवतो. हा वायू अजिबात नसता तर पृथ्वी गोठली असती, म्हणजे थोडा हवाच. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण २८० भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. आपण सोडतो त्यातला जवळपास अर्धा समुद्र आणि जंगलं घेतात, उरलेला हवेत राहतो आणि शेकडो वर्षं राहतो. गोधडीवर गोधडी पडत जाते. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त.

दीड अंश ऐकून मुलं हसतात, कारण वर्ध्यात सकाळ-दुपारमध्येच पंधरा अंशांचा फरक असतो. पण जगाची सरासरी आणि आपली दुपार ही वेगळी मापं आहेत. शरीराचं उदाहरण द्यावं. ९८.४ वरून १०१ वर गेलं की आपण डॉक्टर गाठतो.

पावसाचंही बदललं आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पाऊस उशिरा येतो आणि एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यांच्या अभ्यासाच्या पट्ट्यात आपला भागही येतो. वर्षाच्या पावसाची सरासरी बघितली तर ठीक वाटतं. पण सोयाबीनला सरासरी पाऊस लागत नाही, वेळेवर लागतो. बी पेरल्यावर वीस दिवस कोरडे आणि शेंगा भरताना चार दिवस संततधार, हे ज्याने सोसलं त्याला तक्ता दाखवायची गरज नाही.

उन्हात सगळे सारखे तापत नाहीत, हेही सांगायला हवं. टिनाच्या छताखाली राहणारं कुटुंब, हमाल, वेल्डर, फेरीवाला, दुपारी रिक्षा चालवणारा, यांना ४५ अंश वेगळे लागतात. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी माणसं याच कामांत आहेत.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मुलं विचारतातच. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी चार ते पाच टन, अमेरिकेत चौदाच्या आसपास. गेल्या दीडशे वर्षांची बेरीज केली तर फरक आणखी वाढतो. श्रीमंत देशांनी आधी कमी करावं हे म्हणणं रास्त आहे. मात्र ते आपल्या राखेच्या तलावांना लागू होत नाही. ती राख अमेरिकेची नाही.

मगनवाडीत नव्वद वर्षांपूर्वी

या विषयावर बोलायला परदेशी पुस्तकं उघडण्याआधी बोरगावच्या माणसाने वर्ध्यातल्या मगनवाडीत जाऊन यावं. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला, त्याचं कार्यालय तिथे होतं, आणि कामाची धुरा होती जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे. तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ, लंडनला हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. १९३८ मध्ये तिथेच मगन संग्रहालय उघडलं, ते आजही आहे.

कुमारप्पांनी आपल्या लिखाणात संपत्तीचे दोन प्रकार केले. एक साठ्याची: कोळसा, खनिज तेल, धातू. जितकं काढाल तितकं कमी होणार. दुसरी प्रवाहाची: ऊन, वारा, वाहतं पाणी, वाढणारं झाड. वापरलं तरी पुन्हा येणार. साठ्यावर चालणारा संसार शेवटी भांडणात जातो, कारण साठा मोजका असतो आणि प्रत्येकाला तो आपल्या ताब्यात हवा असतो, असं त्यांचं म्हणणं. तेलासाठी आखातात झालेली युद्धं आपल्या पिढीने टीव्हीवर पाहिली. कुमारप्पा १९६० मध्येच वारले होते.

हवामान बदलाचा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. त्यांना काळजी होती ती साठा संपण्याची आणि खेड्याने बाहेरच्या रॉकेलवर अवलंबून राहण्याची. म्हणून मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालणारा कंदील तयार झाला, त्याचं नाव मगनदीप. कमी धुराची मगनचूलही तिथलीच. मगनदीप घरोघरी पोहोचला नाही, रॉकेल स्वस्त होतं आणि मग वीज आली. सगळ्या जुन्या गोष्टी परत आणाव्या असं आम्ही म्हणत नाही, कंदिलावर दहावीचा अभ्यास कुणी करू नये. पण साठा आणि प्रवाह हा फरक मात्र त्यांनी नेमका पकडला होता. आमच्या 'रिकाज़'मध्येही तोच आहे.

गॅरेज आणि छत

कोळसा उद्या बंद होणार नाही. देशातली निम्म्याहून जास्त वीज अजून त्यावरच बनते, आणि रात्री सूर्य नसतो. खाणीत, वाहतुकीत, वीज केंद्रात हजारो घरांची चूल त्यावर पेटते. पण वळण सुरू झालं आहे, आणि ते आपल्या लोकांना कुठे गाठेल हे बघायला हवं. आपल्याकडे गॅरेजवाले बरेच आहेत. कार्बोरेटर साफ करणारा, पिस्टन बदलणारा, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा कारागीर. विजेवरच्या गाडीत पिस्टन नाही, इंजिन ऑइल नाही, सायलेन्सर नाही. तिथे बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि वायरिंग आहे. ई-रिक्षा रस्त्यावर आल्या, त्यांची दुरुस्ती कोण करतं ते एकदा बघा. गॅरेजवाल्यांच्या मुलांनी आयटीआयमध्ये जाताना मोटर मेकॅनिकसोबत इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचाही विचार करावा, असं आम्ही पालकांना आवर्जून सांगतो.

ज्या उन्हाने आपण भाजतो त्याच उन्हात छतावर एक किलोवॅटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतं, महिन्याला सव्वाशेच्या आत-बाहेर. १५० युनिटच्या घराला दीड-दोन किलोवॅट पुरतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री तिथून येते, मीटर दोन्ही मोजतो. मे महिन्यात पॅनेलवर धूळ बसते, ती पहाटे धुवावी, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. मस्जिद, मदरसा आणि शाळांना हे घरगुती अनुदान नाही, तरी त्यांचा हिशेब चांगला जमतो, कारण पंखे, कुलर आणि वज़ूच्या पाण्याचा पंप जास्त चालतो तो ज़ुहरच्या आणि जुम्म्याच्या वेळी, ऊन डोक्यावर असताना.

घरगुती अर्ज ज्याच्या नावाने वीजबिल आहे त्याच्याच नावाने करावा लागतो. आपल्या मोहल्ल्यांत बऱ्याच घरांचं मीटर अजून मरहूम दादांच्या किंवा नानांच्या नावावर आहे, आणि वारसांत वाटण्या झालेल्या नाहीत. तेव्हा पॅनेलचे भाव विचारण्याआधी मीटर नावावर करून घ्या. त्याला मृत्यू दाखला, घराचा आठ-अ किंवा कराची पावती, आणि बाकी वारसांचं संमतीपत्र लागतं. भावंडं ईदला एकत्र येतात तेव्हा सह्या एका बैठकीत होतात.